दोन पहारेकऱ्यांचं भांडण

रंभाबाई पौनीकर भली बाई होती, असं आमच्या गल्लीत कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. पाचपावलीतल्या कोष्ट्यांच्या त्या वस्तीत तिच्याशी भांडण झालं नाही असं घर शोधावं लागलं असतं. नळावर कुणी तिची घागर सरकवली, की ती त्या घरच्या आज्यापणज्यांपासून सुरुवात करायची. भाजीवाली तिच्या दारावरून जाताना हाळी द्यायचं थांबवायची आणि पुढच्या कोपऱ्यावर गेल्यावर पुन्हा सुरू करायची.

फक्त एका माणसापुढे तिचा आवाज निघत नसे. तो म्हणजे तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ रुपराव. त्या काळी आमच्याकडे सून भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, आणि त्याच्याशी सरळ बोलणं तर दूरच. तिघंही एका खोलीत असली तरी रंभाबाई नवऱ्याला म्हणायची, "त्याइले सांगा, भाकर थंडी होऊन राहिली." रुपरावही त्यालाच म्हणायचा, "मारोत्या, तुह्या बायकोले सांग, ऐकू आलं मले." मधल्या मध्ये मारोतराव बिचारा टपालवाल्यासारखा.

या दोघांचं वैर जुनं होतं. रुपराव नावाला विणकर. त्याचा जीव खडी गंमतीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात. मंडळाबरोबर गावोगाव जायचा, राजा व्हायचा, लांबलचक भाषणं द्यायचा. त्याची बायको पुष्पलता उमरेडची. एका पहाटे ती घरातून गेली ती माहेरीच राहिली, परत आलीच नाही. रुपरावानं मनाशी धरून ठेवलं, की रंभानंच तिचे कान भरले. चौकात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत तो हे सांगत फिरायचा. रंभाबाईला हे सगळं ऐकू यायचं आणि उत्तर देता यायचं नाही. मला वाटतं, साऱ्या गल्लीवर निघणारा तिचा राग मुळात या एका माणसाचा होता.

सत्तर सालाच्या आसपास वस्तीतले हातमाग एकेक करून थांबले. यंत्रमागाची लुगडी स्वस्त यायला लागली, आमची कुणी विचारेना. मारोतराव मांडव बांधायच्या कामाला जाऊ लागला. तेव्हा रुपरावाच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. जत्रेत आणि कस्तुरचंद पार्कवरच्या प्रदर्शनात लोक मौत का कुआँ पाहतात, पाळण्यात बसतात. आपण असा तंबू उभारू, की ज्यात पाहणाऱ्यानंच गोष्टीतला माणूस व्हायचं. नाव ठेवलं 'नथीची चोरी'.

गोष्ट अशी. एका गडाच्या राजानं राणीला माहेरी हाकललं आणि तिची नथ ठेवून घेतली. तिकीट काढून आत जाणारा हा राणीचा भाऊ. त्यानं अंधारातून, दोन-तीन वळणांच्या वाटेनं, पहारेकऱ्याच्या शेजारून पाय न वाजवता जायचं, खुंटीवरची नथ काढायची आणि मागच्या दारानं बाहेर पडायचं. खाली सागाची वाळकी पानं पसरलेली, मध्येच रिकामे डबे, आडव्या दोऱ्यांना घुंगरं. पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी. त्याच्याजवळ राखेत घोळलेले चिंध्यांचे चेंडू. आवाज आला की त्या दिशेनं चेंडू. अंगावर राख उडाली तो पकडला गेला. नथ घेऊन जो बाहेर येईल त्याला घरच्या सुताचा विणलेला रुमाल.

पहारेकरी म्हणून आधी ठेवलेला माणूस दुपारी खरोखरच झोपायचा. शेवटी मारोतरावानं बायकोला बसवलं. डोळ्यांवर पट्टी, त्यावर पदर; भासऱ्याची मर्यादाही राखली गेली. रंभाबाईनं आयुष्यभर सुताच्या कांड्या भरता भरता मागाचा आवाज ऐकला होता. धागा तुटला की चालता माग बोलतो, ते तिला दुसऱ्या खोलीतून कळायचं. तंबूत तिच्या हातून क्वचितच कुणी सुटायचं. आणि चेंडू ती असा मारायची, की लोक कळवळायचे.

अडचण होती ती रुपरावाची. आत सोडण्याआधी तो लोकांना पुढच्या खोलीत उभं करायचा आणि कंदील वर धरून गोष्ट सांगायचा. ते ठीक होतं. पण हळूहळू ती गोष्ट वाढायला लागली. राजाचा जन्म आला, गडाचं वर्णन आलं. मग त्यानं अंधाऱ्या वाटेत दोन ठिकाणी पडदे लावले. माणूस श्वास रोखून, गुडघे वाकवून निम्म्यापर्यंत पोचला, की पडदा सरकायचा, कंदील पेटायचा आणि रुपराव मुकुट घालून उभा. "थांब, हे राजपुत्रा!" मग पुन्हा भाषण. त्यात एक कपटी जाऊ आली. तिनंच राणीचे कान भरले, तिनंच घर फोडलं. वर्णन करताना तो जावेच्या नाकावरचा तीळसुद्धा सांगायचा. रंभाबाईच्या नाकावर तीळ होता.

पलीकडे पट्टी बांधून बसलेली रंभाबाई हे रोज ऐकायची.

लोकांनाही ते सोसेना. जो पकडला जायचा त्याला ईर्ष्या चढायची, तो लगेच दुसरं तिकीट काढायचा. पण रुपराव त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून ऐकवायचा. कळमेश्वरचा एक मेकॅनिक तर रुपरावाच्या आधी वाक्यं म्हणायला लागला, तेही हातवारे करून. बाकीचे हसले.

"मालूम हाय ना सगळं," तो म्हणाला. "मंग सोड ना आत. काहून पकडून राहिला?"

"कथा ऐकल्याबिगर आत जाता येत नाही."

"अरे, मी चोरी कराले आलो. प्रवचन ऐकाले नाही आलो."

त्या संध्याकाळी घरी रंभाबाईनं ताट आपटलं. "त्याइले सांगा, लोक पाय उचलाच्या तयारीत असते अन् हे त्याइले उभं करून ठेवते. अर्ध्या वाटेत कोनी कोनाले थांबवते का? अंगातली सारी भीती निघून जाते."

रुपराव भावाकडे पाहत म्हणाला, "मारोत्या, तिले सांग, तिच्या चेंडूसाठी नाही येत कोनी. गोष्ट नसन तर तो तंबू म्हणजे अंधारी खोली हाय. गोष्ट माही हाय."

"अन् त्या गोष्टीतला तीळ कोनाचा हाय, तेही विचारा."

मारोतराव ताटं उचलायला लागला. त्याला नेहमी वाटायचं, आपण गप्प राहिलो तर निभेल.

निभलं नाही. रामटेकच्या जत्रेत रुपरावाचं मधलं भाषण चालू असताना मागच्या लोकांनी ओरडाआरडा सुरू केला. आतल्या एका ट्रकवाल्यानं पडदा ओढून फाडला आणि रुपरावाचा मुकुट तुडवला. रुपरावानं त्याच्या थोबाडीत मारली. चार लोकांनी रुपरावाला बाहेर खेचून बदडलं. आणि पट्टी बांधलेली रंभाबाई आपल्या जागेवर बसून होती. ती उठली नाही. पुढे एकदा तिनं माझ्या आईला सांगितलं, "मी आवाजावरून मोजून राहिली होती, कुठं कुठं लागलं ते."

त्यानंतर दोघं वेगळी झाली. पुढच्या जत्रेत तंबूचे दोन तंबू. एकात रुपराव, नुसती गोष्ट. दुसऱ्यात रंभाबाई, नुसता खेळ. मारोतराव दोन्हीकडे दोऱ्या ताणत फिरत होता.

रुपरावाकडे म्हातारी माणसं येऊन बसली, कारण सावली होती. पहिल्या दिवशी रंभाबाईची रांग लांब होती आणि ती खूश होती. पण गोष्टच नसल्यामुळे आत येणाऱ्याला आपण कोण आहोत तेच कळेना. नथ कुणाची, ती काढायची कशाला, हळू चालायचं कशाला? चार पोरं मिळून धावत यायची, डब्यांना लाथा घालायची, नथ उपटून पळायची. चेंडू लागला तरी थांबायची नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी डब्याचं झाकण फेकलं, ते तिच्या कपाळाला लागलं. पट्टी रक्तानं भिजली. ती त्या अंधारात शिव्या देत उभी राहिली, आणि बाहेरच्यांना वाटलं हाच खेळ आहे.

मारोतराव आयुष्यात एकदाच चिडला असेल, तो त्या दिवशी. कपाळाला हळद दाबून बसलेल्या बायकोसमोर त्यानं थोरल्या भावाला हात धरून ओढत आणलं.

"एकच तंबू लागन. दोन टोकाले दोघं बसा, दोघंही पहारेकरी. ना मधी पडदा, ना भाषण. जमत नसन तर मी हे सारं कापड पेटवून देतो अन् हिंगण्याच्या कारखान्यात कामाले लागतो. मंग बसा एकमेकाचं तोंड पाहत."

हे पारशिवनीच्या बाजारातलं. दुसऱ्या दिवशी दोघं दोन टोकांना बसली, दोघांच्या डोळ्यांवर पट्ट्या. दाराशी मारोतरावानं दोनच वाक्यं सांगायची: तू राणीचा भाऊ आहेस, बहिणीची नथ घेऊन ये. आत दोघंही मुकी. चार कानांपुढे कुणाचं काय चालणार? जो जाईल तो पहिल्याच पावलाला राखेनं माखून परत. दुपारपर्यंत बाहेर लोक बोंबलायला लागले, की हे फसवणं आहे.

रुपरावाला गप्प बसणं जमणारं नव्हतंच. आत कुणीतरी शिरलंय हे माहीत असूनही त्यानं अंधारात, जणू पलीकडच्या पहारेकऱ्याला सांगतोय असं दाखवून, सुरू केलं, "गड्या, राणी कशी गेली मालूम हाय का तुले? त्या कपटी जावेनं—"

"खोटं हाय."

तंबूतली पानं सळसळली, कारण आत वाकून उभा असलेला माणूसही दचकला. रुपराव थबकला. लग्न होऊन या घरात आल्यापासून रंभाबाई त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

"जावेनं नाही हाकललं," ती म्हणाली. आवाज पहारेकऱ्याचा, जाड काढलेला. "राजानंच हाकललं. मी याच गडावर होतो. मले मालूम हाय."

"तू कोन राजावर बोलनारा?"

"अन् तू कोन खोटं सांगनारा? दिवसभर तेच तेच सांगून राहिला. भिंतीले कान असते तर त्याही पळून गेल्या असत्या."

दोघांचे आवाज चढले. त्या गदारोळात आतला माणूस पावलं टाकत गेला, दोघांचा दम एकदम संपला तेव्हा जागच्या जागी गोठला, पुन्हा सुरू झाल्यावर पुढे सरकला, आणि नथ घेऊन बाहेर आला. घामाघूम. रांगेतल्यांना म्हणाला, "जा, जा. आत दोन पहारेकरी राणीवरून भांडून राहिले. ते भांडते तेवढ्यातच चालता येते. पण कान देऊन ऐका, कवा चूप होतील सांगता येत नाही."

तिथून 'नथीची चोरी' चालली. कशी चालली म्हणता! गोष्ट ऐकायला कुणाला थांबवावं लागेना. उलट गोष्ट ऐकली नाही तर पाऊल टाकता येत नव्हतं. दोघं बोलत असली की चोरानं चालायचं, दोघं गप्प झाली की श्वासही घ्यायचा नाही. कुणी पकडला गेला तर दुसऱ्या तिकिटाला भांडण वेगळं असायचं, कारण भांडण खरं होतं. आज राणीला उपाशी ठेवल्याचं निघायचं, उद्या राजानं विकलेल्या मागाचं. गडावर माग कुठून आला असं कुणी विचारलं नाही. लोकांना एवढंच कळायचं, की हे दोन पहारेकरी एकमेकांचा मनापासून तिरस्कार करतात, आणि म्हणून यांच्यामधून निसटता येतं.

बाहेर आल्यावर पट्टी सुटायची, पदर खाली यायचा, आणि पुन्हा तेच. "त्याइले सांगा, चहा घ्या म्हनाव." तंबूत तिनं त्याला गाढव म्हटलेलं असायचं. घरी ती त्याच्या सावलीवर पाय पडू देत नसे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आता मन मोकळं झालं असेल, वैर निवळेल. निवळलं नाही. उलट आतापर्यंत जे नुसतं वाटत होतं त्याला शब्द मिळाले, आणि रोज धार लागत गेली. रुपराव जेवायला पाठ करून बसायला लागला.

हे काही वर्षं चाललं. पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात प्रदर्शनात तंबू होता. संध्याकाळची गर्दी, आत चार-पाच जण. रुपराव त्या दिवशी वाईट बोलत होता. त्यानं पहारेकऱ्याचा आवाजही काढला नव्हता. 'त्या बाईनं माह्या राणीले फितवलं, तिच्या घरादाराची राख होईन,' असं काहीतरी.

 रंभाबाई बोलली तेव्हा तिचाही आवाज पहारेकऱ्याचा नव्हता.

"तुमी गंमतीच्या गावाले जाताना तिच्या खोलीले बाहेरून कडी लावून जात होते. दोन दोन रोज. मी खिडकीतून भाकर देत होती. त्या पहाटे तुमी घरी होते. कडी लावून दाराशी आडवे झोपले होते. कडी मी काढली. चप्पल हातात घे म्हटलं, अन् श्वास धर. ती तुमच्या पायाजवळून गेली, तुमाले पत्ता लागला नाही. हो, मीच म्हटलं तिले, जा. आजही म्हनन."

आतले चार-पाच जण जिथं होते तिथं उभे राहिले. पहारेकरी बोलत होता, चालायची हीच वेळ होती. कुणी पाऊल उचललं नाही. नथ खुंटीवर तशीच राहिली. त्यांच्यात आमच्या गल्लीतला एक जण होता. हे सगळं त्यानंच पुढे सांगितलं. मग रुपरावानं पट्टी काढली, चेंडूंची टोपली लाथेनं उडवली आणि पानं तुडवत मागच्या दारानं निघून गेला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. रंभाबाईनं त्या दिशेनं चेंडू मारला.

दुसऱ्या दिवशी रुपराव आला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पट्टी बांधून बसला, पण बोलला नाही. रंभाबाईनं डिवचलं, शिव्या दिल्या, राजाच्या आईबापाचा उद्धार केला. तिकडून शब्द नाही. एकटीचं भांडण किती पुरणार? आठवडाभर तसं काढलं, आणि मग रुपराव तुमसरकडच्या एका मंडळात निघून गेला. जाताना भावाला भेटला. घरात पाय ठेवला नाही.

रंभाबाईनं तंबू बंद केला नाही. शेजारच्या कुसुमताईला दुसऱ्या टोकाला बसवलं. कुसुमताई स्वभावानं गरीब. तिला भांडता येईना. "असं कसं म्हनू वं तुले?" म्हणायची. मग रंभाबाईनं तिला एकेक वाक्य घोकून घ्यायला लावलं. एका पानावरून दुसऱ्या पानावर पाय जाईपर्यंत जेवढं बोलता येईल तेवढंच बोलायचं, त्याहून लांब एकही वाक्य नको. आणि ज्यासाठी माणूस थांबून राहील असं काही सांगायचं नाही. हा दुसरा नियम ती दोनदा सांगायची. खेळ चालला, पूर्वीइतका नाही, पण चालला. राजा, राणी, नथ सगळं राहिलं. जाऊ तिनं गोष्टीतून काढून टाकली.

ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमारास रामटेकला एक म्हातारा तिकीट काढून आत गेला. मारोतरावानं त्याला ओळखलं आणि आत सोडलं. रुपरावच तो. वाळला होता, मिशी पांढरी झाली होती. आत कुसुमताई आणि रंभाबाईचं भांडण सुरू होतं. तो चांगला चालला. निम्म्याच्या पुढे पोचला. मग रंभाबाई वाक्याच्या मधेच थांबली. काय ऐकलं कोण जाणे, खोकला दाबल्याचा आवाज असेल. तिनं चेंडू मारला तो त्याच्या छातीवर बसला. नियमानं तिथं संपायला हवं होतं. तिनं दुसरा मारला, तिसरा मारला, टोपली रिकामी होईपर्यंत मारत राहिली. तो हात वर न करता उभा होता. मग वळून आला त्या दारानं बाहेर गेला.

मारोतरावानं त्याला चहा दिला. शर्टावरची राख झटकत रुपराव म्हणाला, "दुसऱ्या वळनावर ती दुसरी बाई लवकर तोंड उघडते. मानूस थांबला असते, भ्याला असते, तवाच सोडवून टाकते. थोडं चूप राहा म्हना तिले."

मारोतरावानं हे बायकोला सांगितलं.

"त्याइले सांगा," ती म्हणाली, "आपला रस्ता धरा."

तो बसस्टँडकडे निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी कुसुमताई दुसऱ्या वळणावर थोडी जास्त गप्प राहिली. रुपरावाचा निरोप तिच्याही कानावर पडला होता; तिनं कुणाला विचारलं नव्हतं. चोर घामाघूम होऊन बाहेर यायला लागले, आणि दोन-तीनदा तिकिटं काढायला लागले. रंभाबाईनं ते ऐकलं. कुसुमताईशी ती त्या जत्रेपुरती तंबूबाहेर बोलली नाही, पण तिला तसं करू नकोसही म्हणाली नाही.

रुपराव पुढच्या वर्षी तुमसरला वारला. मारोतराव त्याच्या मातीला गेला. रंभाबाई गेली नाही. कुसुमताईनं विचारलं, आज बंद ठेवायचं का? रंभाबाईनं पट्टी बांधली आणि म्हणाली, "पानं ओली झाली हाय. वाळकी टाक अन् दार खोल."